पेटलेल्या धातूवर पाणी

काकू : दार लोटून घे आधी. आणि हळू बोल, तुझे बाबा पलीकडे कारखान्यातच आहेत.

पुतणी : काकू, आज सरांनी फळ्यावर धातूंची उतरंड लिहिली. वर सोडियम, मग मॅग्नेशियम, त्याच्या बरंच खाली लोखंड, तळाला तांबं, सोनं. जितका वरचा, तितका पाण्यावर तुटून पडणारा. सोडियमचा एवढासा कण पाण्यात टाकला, तर तडतडत पेटला. मॅग्नेशियमची फीत मात्र पाण्यात गप्प पडून राहिली.

काकू : मग रडायला काय झालं?

पुतणी : गप्प असतं ते थंड असताना. पेटलेलं असलं आणि पाणी टाकलं, तर विझत नाही, उलट भडकतं. पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं, हायड्रोजन सुटतो, आणि तोही पेट घेतो. मी वर्गातून उठूनच आले. काकू, त्या दिवशी लेथ मशीनखाली मॅग्नेशियमचाच कीस पेटला होता ना? काका आत अडकलेले, आणि बाबांनी...

काकू : बादलीवर बादली ओतली. माहीत आहे मला.

पुतणी : तुला माहीत आहे? कधीपासून?

काकू : अग्निशमनचे साहेब चौकशीला आले होते तेव्हापासून. जाता जाता म्हणाले, बाई, पाण्याऐवजी कोरडी वाळू पडली असती, तर भाजले असते, पण वाचलेही असते कदाचित. मी म्हटलं, साहेब, कागदावर काय ते लिहा, पण माझ्या दिराच्या कानावर घालू नका.

पुतणी : आणि इतकी वर्षं तू त्यांना जेवायला वाढतेस?

काकू : मग काय, उपाशी ठेवू? अगं, दोघा भावांनी जन्मभर लोखंड नि पितळ कापलं. त्या हलक्या, चांदीसारख्या धातूचं पहिलंच काम ते. ठाऊक कुणाला होतं? भाऊ जळताना दिसला की माणूस हाताला येईल ते ओततो.

पुतणी : राग नाही आला?

काकू : आला तर! पहिलं वर्षभर त्यांच्यापुढे ताट आपटायचे. त्यांना वाटायचं, दुःखानं आपटते. तेही खोटं नव्हतंच म्हणा.

पुतणी : पण काकू, उद्या पुन्हा असं काही पेटलं तर? पाणीच टाकतील ते.

काकू : प्रत्येक लेथपाशी वाळूची बादली ठेवायला लावलीय मी. सांडलेलं तेल टिपायला म्हणून सांगितलंय. आणि आग लागली तर आधी वाळूच, अशी शपथ घातलीय. बाईमाणसाचा खुळेपणा म्हणून हसले, पण ठेवल्या.

(बाबा हात पुसत दारात येतात.)

बाबा : डोळे का गं लाल? पेपर अवघड गेला?

काकू : पेपर कसला! धातूंचा धडा चाललाय तिचा.

बाबा : असं होय... त्यात मॅग्नेशियम आहे?

पुतणी : आहे.

बाबा : मग एक विचारू? दुसऱ्या कुणाला विचारायची छाती होत नाही. त्या दिवशी पिंपाची तोटी अडकली होती. मी वेड्यासारखा तिच्याशीच झटत बसलो. झाकण काढून बादली बुडवायची, हे सुचलंच नाही लवकर. पाणी जरा आधी पोचलं असतं, तर दादा...

काकू : भाऊजी, कशाला आता ते?

बाबा : विचारू द्या, वहिनी. तुमच्यासमोरच विचारतो. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत, पण डोळा मिटला की ती तोटीच दिसते मला.

पुतणी : नाही, बाबा.

बाबा : नाही म्हणजे?

पुतणी : पाणी आधी पोचलं असतं, तरी काका वाचले नसते.

बाबा : पुस्तकात आहे तसं?

पुतणी : हो.

बाबा : माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?

काकू : खरंच सांगतेय ती, भाऊजी.