हात मांडीवर, आधी वाचा

काकू, आणि जाधव सरांच्या सगळ्या विद्यार्थ्यांनो,

बोलायला उभी राहिले खरी, पण तुमचे चेहरे बघून ठरवलेलं निम्मं विसरले. मी तृप्ती. कॅम्प पाच भागातल्या त्या माळ्यावरच्या क्लासमध्ये सरांनी मला कॉम्प्युटरवरचं लिनक्स शिकवलं. तुम्हालाही. गेल्या आठवड्यात सर गेले. 'शिकवायचे' असं म्हणायला अजून जीभ वळत नाही.

आठवतंय ना? काळ्या स्क्रीनवर आपण कमांड द्यायचो आणि खाली यायचं, 'कमांड नॉट फाउंड'. आपण लगेच पुन्हा तेच टाइप करायचो. तिसऱ्यांदा तर बटणं बडवायचो. मागून सरांचा आवाज यायचा, "हात मांडीवर! आधी वाचा!" हात मांडीवर ठेवायचे आणि एरर मोठ्याने वाचायची. मग सर विचारायचे, "नीट लिहिलंयस? प्रोग्रॅम मशीनवर टाकलाय? टाकलाय, तर तो कुठे शोधायचा हे मशीनला माहितीये?" दर वेळी हेच, ह्याच क्रमाने. आपण त्यांची नक्कल करायचो. सगळ्यात जास्त मी करायचे. त्यांना ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

मग मला अंबरनाथला एका कारखान्यात नोकरी लागली. दुसराच आठवडा. लेबलं छापायचा नवा प्रोग्रॅम टाकला. मशीन ज्या ज्या फोल्डरमध्ये कमांड शोधतं त्यांच्या पत्त्यांची एक यादी असते, तिला आपण पाथ म्हणतो. त्यात नवा पत्ता जोडायचा होता. मी शहाणीने जुनी यादी पुसली आणि एकटा नवा पत्ता लिहिला. नवीन विंडो उघडली. फाइली बघायला एलएस लिहिलं. कमांड नॉट फाउंड. दुसरी कमांड, तेच. तिसरी, तेच. बाहेर लेबलांसाठी गाडी खोळंबलेली. वाटलं, अख्खं मशीन उडवलं मी, नोकरी गेली. कोणाला कळायच्या आत सगळं पुसून नव्याने टाकावं म्हणून पेन ड्राइव्हसुद्धा काढला होता.

त्याआधी सरांना फोन केला, हे माझं नशीब. काकू, सर तेव्हा वांगणीला घरी तुमच्याजवळच होते. माझं रडगाणं ऐकून म्हणाले, "तृप्ती, हात कुठे आहेत तुझे?"

खरं सांगते, रागच आला. म्हटलं, "सर, इथे माझी वाट लागलीय!"

"लागू दे. हात?"

फोन स्पीकरवर टाकला. हात मांडीवर ठेवले. एरर वाचून दाखवली.

"आता एलएसचा पूर्ण पत्ता लिही. स्लॅश, बिन, स्लॅश, एलएस."

लिहिलं. एंटर मारलं. सगळ्या फाइली समोर! एकसुद्धा गेली नव्हती.

"अगं वेडे, सगळं जागच्या जागी आहे. तू नुसती यादी पुसलीस."

ती यादी परत लिहायला पाच मिनिटं लागली. मी सगळं पुसून टाकलं असतं तर? कारखान्याचं सगळं काम खरंच गेलं असतं. फोन ठेवताना सर म्हणाले, "आता साहेबांना सांगून ये, चूक माझी होती म्हणून." सांगितलं. साहेब म्हणाले, "चाललं ना? मग चहा घे."

मी अजून तिथेच आहे. नवीन मुलं माझ्या हाताखाली शिकतात. मी ओरडते, "हात मांडीवर!" आणि माझी पाठ वळली की ती माझी नक्कल करतात. काकू, मला त्याचा फार आनंद होतो.

काकू, सर गेल्याचा तुमचा फोन आला तेव्हा मी कामावरच होते. बातमी ऐकली आणि काही सुचेना. उगाच फाइली उघडत होते, बंद करत होते. थोड्या वेळाने बघितलं, तर हात आपोआप मांडीवर आले होते. ह्या वेळी वाचायला काही नव्हतं. तशीच बसून राहिले. जरा बरं वाटलं.

अशा वेळी उभं राहायची पद्धत आहे. आज बसूनच राहू या, मीही बसते. एक मिनिट. मोबाइल बाजूला.

हात मांडीवर.