शाळेच्या आवाजांचा सर्व्हर बंद केल्याबाबत

वार सोमवार. सकाळी ११.४० ते दुपारी १.२५. पोलीस ठाण्यातील मागची खोली.

मी, खाली सही करणार, वय ७६ वर्षे, धंदा सध्या काही नाही, पूर्वी शाळेत भाषाशिक्षक, राहणार शाळेच्या मागच्या गल्लीतील दुसरी इमारत, पहिला मजला, जिन्यासमोरचे दार. शाळेत आणि गल्लीत मला ‘सर’ म्हणतात. मला कोणी बोलावलेले नाही. आपणहून ठाण्यात येऊन साहेबांसमोर सांगतो ते येणेप्रमाणे. साहेबांनी थोडक्यात सांगा असे म्हटले आहे. प्रयत्न करतो.

मी वरील ठिकाणी पत्नीसह राहतो. निवृत्त होऊन अठरा वर्षे झाली. नोकरीच्या शेवटच्या सव्वीस वर्षांत दर वर्षी सातवीच्या प्रत्येक मुलाला एक कविता पाठ म्हणायला लावून मी ती टेपरेकॉर्डरवर घेत असे. अशा सव्वीस कॅसेटी झाल्या. आवाज एकूण नऊशे अठ्ठ्याऐंशी. त्यात कविता आहेतच, पण बाकाची कुरकुर, खिडकीबाहेर सायकलची घंटा, कडवे संपल्यावर पुढचे आठवेपर्यंत मुलाने घेतलेला श्वास, हेही आहे. हे लिहिण्याची गरज नाही असे साहेब म्हणाले. गेले ते काय, हेच लिहायचे नाही तर मग लिहायचे काय, असे मी विचारले. तेव्हा त्यांनी लिहून घेतले.

गेल्या वर्षी शाळेच्या संगणकाच्या बाई (वय सुमारे तेहेतीस, याच शाळेच्या माजी विद्यार्थिनी) यांनी सर्व कॅसेटी संगणकावर उतरवल्या. माजी विद्यार्थ्यांनी आपले वर्ष आणि हजेरी क्रमांक टाकला की घरबसल्या स्वतःचा लहानपणीचा आवाज ऐकू यावा, अशी त्यांची कल्पना होती. त्यासाठी सर्व्हर लागतो. तो शाळेत नसतो. एका कंपनीची यंत्रे कुठेतरी असतात, त्यातला एक तुकडा आपल्यापुरता मागून घ्यायचा. त्याला क्लाउड म्हणतात. मागणी तोंडी चालत नाही. एका फाइलमध्ये ओळीने सेटिंग लिहायची, ती फाइल चालवायची, की मिनिटभरात सर्व्हर उभा राहतो.

विचारल्यावरून सांगतो की, सदर सर्व्हर नेमका कोणत्या जागी होता हे मला माहीत नाही. फाइलच्या पहिल्या ओळीत गाव निवडायचे असते. मी सर्वांत जवळचे निवडले होते. साहेब म्हणाले, “अहो सर, हद्द कोणाची धरायची? आणि पंचनामा काय ढगाचा करू?” घटनास्थळाची जागा रिकामी ठेवली आहे.

बाईंनी मला हे काम शिकवले. दर बुधवारी शाळा सुटल्यावर त्या माझ्या घरी येत. सेटिंग लक्षात राहीनात म्हणून मी त्यांना चाल लावली. विचारल्यावरून म्हणून दाखवतो:

कुठले गाव नि किती दांडगा, मूळ प्रत कोणती ती घ्यावी,
किल्ली कुठली, दार कुणाला, डिस्क किती ती मोठी व्हावी,
बंद करी तर काढुन टाका, डिस्कहि त्याच्या संगे जावी.

‘मूळ प्रत’ म्हणजे सर्व्हरवर आधीपासून काय बसवलेले असावे ते. ‘दार’ म्हणजे बाहेरच्या कोणाला कुठून आत येऊ द्यायचे ते. ‘किल्ली’ म्हणजे सर्व्हरमध्ये शिरण्याची परवानगी, ‘डिस्क’ म्हणजे साठवण्याची जागा. बाकी सोपे आहे. एकदा ‘सर्व्हर किती’ या ओळीत माझ्याकडून एकच्या जागी बारा पडले आणि बारा सर्व्हर उभे राहिले. बाई हसल्या. “सर, वर्गच भरवलात की!” मी एकेकात शिरून बाराही बंद केले. यादीतून ते एकेक करून गेले. मला वाटले, घरी गेले. ते परत येतात की नाही हे मी विचारले नाही.

खरा सर्व्हर उभा करण्याचा दिवस साडेतीन महिन्यांपूर्वीचा. बाईंनी खऱ्यासाठी वेगळी फाइल लिहून मला मेलने पाठवली आणि फोनवर म्हणाल्या, “सर, खऱ्याचा मान तुमचा. मी पाठवलीय तीच चालवा.” मी मेल उघडला नाही. पाठ असताना बघून लिहिणे मला कधी जमले नाही, आणि मुलांनाही मी ते करू दिले नाही. मी कोरी फाइल उघडून चाल गुणगुणत सगळ्या ओळी मनानेच लिहिल्या, फक्त डिस्क मोठी केली. पहिल्याच वेळेला सर्व्हर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी बाई सर्व ध्वनिमुद्रणे त्यावर चढवण्यासाठी घरी आल्या. त्या म्हणाल्या, “सर, चढवण्याआधी एकदा फाइल बघू का?” त्यावर मी म्हणालो, “मी तुझ्या वह्या तपासल्यात. आता तू माझी तपासणार?” त्या म्हणाल्या, “तसं नाही हो सर.” आणि त्यांनी पाहिली नाही. हे पत्नीच्या समक्ष झाले. पत्नीने त्यांना चहा दिला.

त्यानंतर शाळेने कॅसेटी टाकून देऊन त्यांचे कपाट रिकामे केले. आवाज आता वर आहेत, मग खाली कशाला, असे मुख्याध्यापिकांचे म्हणणे होते. ज्या संगणकावर ते उतरवले होते तोही नव्या वर्गासाठी पुसून दिला. याबद्दल माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. मला विचारले होते. मी हो म्हटले होते.

सत्र संपले त्या शनिवारी दुपारी १२.४० वाजता मी घरी संगणकासमोर बसलो. शाळेत असताना शेवटी मी निघत असे. पंखे, दिवे, नळ बंद केल्याशिवाय मी कधी वर्ग सोडला नाही. घरातही तीच सवय आहे. पत्नी म्हणते, “पंखे बंद करता ते ठीक, एक दिवस मलाच बंद करून जाल.” सुट्टी लागली, आता कोण ऐकणार, उगीच कशाला चालू, असे माझ्या मनात आले. मी माझ्या किल्लीने सर्व्हरमध्ये शिरलो आणि त्याला बंद होण्याची आज्ञा दिली. संपर्क तुटल्याची ओळ आली. मी संगणक झाकला आणि जेवायला बसलो.

त्यानंतरच्या सोमवारी एका माजी विद्यार्थ्याचा फोन आला. तो ट्रक चालवतो. आवाज मोठा म्हणून वर्गात त्याला भोंगा म्हणत. तो म्हणाला, “सर, आईला माझी कविता ऐकवत होतो, लागतच नाहीये.” मी म्हणालो, “सुट्टी आहे. शाळा उघडली की ये.” तो हसला. मी विनोद केला असे त्याला वाटले असावे.

शाळा उघडली त्या दिवशी सर्व्हर पुन्हा सुरू करायला मी यादी उघडली. यादीत काही नव्हते. मी बाईंना फोन केला. त्यांची नेमणूक सत्रासोबत संपली होती आणि पुढे वाढवलेली नव्हती, तरी त्या लगेच आल्या. माझ्या खुर्चीवर बसून त्यांनी माझी फाइल उघडली आणि वाचली. पाणी मागितले. मग विचारले, “सर, पाठ होतं म्हणून लिहिलंत का?” मी हो म्हटले. त्या म्हणाल्या, “छान लिहिलंय. एकही चूक नाही.” आणि गेल्या. त्या पाणी प्यायल्या नव्हत्या.

शाळेने कंपनीला विचारले. उत्तर आले की सर्व्हर आतूनच बंद केला गेला आहे, बाहेरचा कोणी घुसलेला नाही आणि डिस्क परत मिळणार नाही. किल्ल्या दोघांकडे होत्या, बाईंकडे आणि माझ्याकडे. माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. मला मेलही उघडता येत नाही असे मुख्याध्यापिकांचे मत आहे. नेमणूक गेली म्हणून बाईंनी रागाने आवाज नष्ट केले, अशी तक्रार मुख्याध्यापिकांनी शुक्रवारी दिली. काल बाईंना ठाण्यात बोलावले होते. “सर्व्हरची जबाबदारी माझी होती, आणखी काही सांगायचं नाही,” एवढेच त्या बोलल्या, असे आज सकाळी शाळेच्या शिपायाने मला फाटकाशी सांगितले. तो असेही म्हणाला की गुन्हा दाखल झाला तर बाईंना दुसऱ्या कुठल्या शाळेत कोणी उभे करणार नाही.

मी घरी गेलो. बाईंनी तेव्हा पाठवलेला मेल आज प्रथमच उघडला. त्यांची फाइल आणि माझी फाइल कागदावर छापून घेतली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तांबड्या पेनाने तपासली. दोन ओळी वेगळ्या निघाल्या. बाईंच्या फाइलमध्ये, सर्व्हर बंद केल्यास नुसता थांबवावा आणि काहीही झाले तरी डिस्क राहू द्यावी, असे आहे. माझ्या फाइलमध्ये, बंद केल्यास काढून टाकावा आणि डिस्कही सोबत जावी, असे आहे. सरावाचे सर्व्हर मागे पडून राहू नयेत म्हणून सरावाच्या फाइलमध्ये तसे लिहिलेले असते. हे बाईंनी पहिल्याच बुधवारी सांगितले होते. मी ते चालीत बसवले आणि अर्थ विसरलो. मुलांनी असे केले की मी रागवत असे. दोन्ही कागद जबाबासोबत देत आहे.

विचारल्यावरून सांगतो की, त्या ध्वनिमुद्रणांत बाईंचा आवाज होता. हजेरी क्रमांक बावीस. तिसऱ्या कडव्याला त्या अडल्या. दोनदा मागून सुरुवात केली आणि तिथेच पुन्हा अडल्या. तेव्हा मी म्हणालो, “बस खाली. तुझ्याने व्हायचं नाही.” बटण चालू होते, त्यामुळे तेही फितीवर आले. मग बाकाचा आवाज आहे.

विचारल्यावरून सांगतो की, हा तुकडा नष्ट व्हावा असे बाईंना कधी वाटले नाही. उतरवताना मीच त्यांना म्हणालो होतो, तेवढा भाग काप. त्या म्हणाल्या, “नको सर. बाकीच्यांचं कुठे कापलंय?”

त्यावर साहेबांनी विचारले की, मग तुम्ही मुद्दाम बंद केलात का. बंद केल्यावर सर्व जाते हे मला माहीत नव्हते, एवढे नक्की सांगतो. त्या शनिवारी बंद करण्याआधी मी क्रमांक बावीस ऐकला होता का, तर ऐकला होता. मी तो नेहमी ऐकत असे. त्याचा बंद करण्याशी संबंध होता की नाही, हे सकाळपासून मी स्वतःला विचारत आहे. माझे मलाच कळत नाही. कळले तर पुन्हा येऊन सांगेन. बाईंचा यात काही दोष नाही, हे मात्र आजच लिहून घ्यावे.

मी फितीवर बोललेले वाक्य गुन्ह्याच्या कामाचे नाही म्हणून साहेब ते खोडणार होते. मी म्हणालो, खोडले तर सही करणार नाही. ते आता दुसरीकडे कुठेच राहिलेले नाही. साहेबांनी ते ठेवले.

संगणकाचे शब्द बरोबर लिहिले आहेत का हे पाहण्यासाठी आजही ठाण्यात बोलावलेल्या आणि बाहेरच्या बाकावर बसलेल्या बाईंना आत बोलावण्यात आले. साहेबांनी सर्व मजकूर मोठ्याने वाचला. बाईंनी तो उभ्यानेच ऐकला. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत. क्रमांक बावीसचा भाग आल्यावर त्या म्हणाल्या, “सर, पुढचं राहिलं.”

कोणते, असे साहेबांनी विचारले.

“सर नंतर म्हणाले होते, उद्या परत उभी राहा, मी ऐकेन. दुसऱ्या दिवशी सगळी म्हटली मी. टेप लावलेला नव्हता.”

मला हे आठवत नाही. ते मुद्रण मी पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि बाकाच्या आवाजानंतर पुढच्या मुलाचे नाव येते, असे मला वाटते. खात्रीने सांगता येत नाही. ताडून पाहायला फीत नाही. मी बाईंकडे पाहिले. त्या साहेबांकडे पाहून म्हणाल्या, “लिहा.” मी नाही म्हटले नाही. साहेबांनी लिहिले आणि बाईंना घरी जाण्यास सांगितले.

वाचून दाखवलेला मजकूर मी ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. ‘उद्या’चे ते एक वाक्य बाईंच्या सांगण्याप्रमाणे आहे.

सही