मागाचा खड्डा

बन्सी : माय, दोरीच्या बाहेर ये आधी. बोर्डावर काय लिहिलंय? 'हात लावू नये.'

मनकर्णाबाई : मला कुठं वाचता येतंय? अन् ते बघणाऱ्यांसाठी लिहिलं असंल. माग माह्या नवऱ्याचा हाये.

बन्सी : समितीनं तुला तिकडं चरख्यापाशी बसवलंय ना? लोकर कातायची, लोक फोटो काढतील, एवढंच ठरलं होतं.

मनकर्णाबाई : कातली की सकाळपासून. एका बाईनं लोकर हातात घेऊन वास घेतला अन् नाक मुरडलं. म्हटलं, बाई, मेंढरू काय अत्तर लावून फिरतं का?

बन्सी : मग बस ना तिथंच.

मनकर्णाबाई : आता इथं बसते. तुह्या आबाचं घोंगडं मागावर अर्धं राहिलंय. ते पुरं केल्याबिगर मी उठायची नाय.

बन्सी : तू विणणार? माय, अगं आपल्यात बाई मागाच्या खड्ड्यात पाय घालत नाय. तूच सांगायची लहानपणी, बाईचा पाय पडला की मेंढरं गाभडतात, पोटातलं टाकतात. अन् समोर भावकीतले थोरले आप्पासाहेब बसलेत, सगळी भावकी लोकर महोत्सवाला आलीय. काय म्हणतील?

मनकर्णाबाई : खड्डा दाखव.

बन्सी : काय?

मनकर्णाबाई : खड्डा. दाखव की मला, कुठंय? मैदान शाळेचं, खणू दिलं नाय त्यांनी. म्हणून तर तू विटा रचून माग वर चढवला. बघ माहे पाय. जमिनीवरच हायेत.

सगीरा : मावशी, तुम्ही तर वकील व्हायला पाहिजे होतं.

बन्सी : ताई, तुम्ही मधी पडू नका. तुमचा हिमरू शालींचा स्टॉल पलीकडं हाये ना?

सगीरा : हौ, पलीकडंच हाय. तिथं सगळं ऐकू येतं, म्हणून तर आले. माझे अब्बा, हैदर मियाँ, जिंदगीभर हिमरू विणले. भाऊ निघून गेले नौकरीला, तर मागावर मी बसले. छत पडलं नाय आमचं.

बन्सी : तुमचं वेगळं. आमच्यात चालत नाय.

मनकर्णाबाई : अन् कोणती मेंढरं गाभडणार रे बन्सी? शेंद्र्याचा माळ कंपन्यांत गेला. तिथंच तू डबा घेऊन जातो. आपलं शेवटचं मेंढरू आबाच्या आधी गेलं.

बन्सी : तेच म्हणतोय ना मी! मेंढरं नाय, माळ नाय, विणणारा नाय. फर्दापूरच्या हॉटेलवाल्याला मी शब्द दिलाय. दुपारी टेम्पो येतोय त्याचा. माग भिंतीवर लावणार, खाली आबाचं नाव लिहिणार. अजिंठ्याला आलेली दुनिया बघंल.

मनकर्णाबाई : भिंतीवर? टांगून?

बन्सी : व्हय.

मनकर्णाबाई : अन् हे अर्धं घोंगडं?

बन्सी : ते... कापून देतो म्हणला. आपल्याला ठेवायला.

मनकर्णाबाई : कातर लागू देणार नाय मी ह्याला! आपल्या शेवटच्या कातरणीची काळीभोर लोकर ही. तुहा बाप खोकत खोकत विणायचा, अन् मी समोर बसून कांडीवर सूत गुंडाळून द्यायची. जलम गेला कांड्या भरण्यात. धोटा त्याच्या हातातून इकडून तिकडं पळायचा, मी नुसती बघायची. एकदाबी 'दे मला' म्हणले नाय. लई वाटायचं, पण म्हणले नाय.

सगीरा : मावशी, सरका थोड्या. पायाखाली ह्या दोन पावड्या. एक दाबली की धागे उघडतात, मग धोटा फेकायचा. पहिले पाय, फिर हात. जल्दी नक्को.

मनकर्णाबाई : असं?

सगीरा : हौ, असंच. फेका.

(माग दोनदा खडखडतो. धोटा खाली पडतो.)

बन्सी : झालं! सगळे बघायलेत माय. आप्पासाहेब उठून उभे राहिले.

मनकर्णाबाई : राहू दे उभे. बघायलाच बोलावलंय त्यांना. धोटा दे उचलून.

बन्सी : मी?

सगीरा : मी देते. पहिल्या दिवशी माझा धोटा अब्बाच्या पायावर पडला होता. आठ दिवस लंगडत होते. घ्या मावशी, पुन्हा.

मनकर्णाबाई : काठ वाकडा आला गं.

सगीरा : येऊ दे. पण पावडी अडकायली. धागे नीट उघडत नाय. का बरं? हा घोंगडीचा माग, आमच्यासारखा नाय हा.

मनकर्णाबाई : जोर कमी पडतोय का?

बन्सी : डावा.

मनकर्णाबाई : काय म्हणला?

बन्सी : डावा पाय आधी, माय. तू उजव्यानं चालू करायली. आबा डाव्यानं करायचे. डावा, धोटा, मग सूत दाबायला फणी दोनदा. मग उजवा, धोटा, फणी दोनदा. आवाजच चुकायलाय तुझा.

मनकर्णाबाई : तुला रे कुणी शिकवलं?

बन्सी : कुणी नाय. खड्ड्याच्या कडंलाच अंथरूण असायचं माझं. त्याच आवाजात झोप लागायची.

मनकर्णाबाई : अन् तोच खड्डा तू बुजवला. तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी माती टाकली. वर मोटरसायकल लावली.

बन्सी : बघवत नव्हतं मला! कामावरून आलो की रिकामा खड्डा समोर. आबा आत्ताच उठून गेल्यासारखे. मला नाय बघवलं, माय.

मनकर्णाबाई : मग सांगायचं होतं ना येड्या. मला वाटलं, गाडीला जागा पाहिजे तुला. मीबी त्या गाडीकडं तोंड करून बसत नव्हते.

सगीरा : मावशी, हात थांबवू नका. आता ताल जमला.

बन्सी : फणी जरा जोरात मार. हां. अजून.

सगीरा : भाई, फाटकापाशी टेम्पो आलाय. कुणी हात हलवायलंय तुम्हाला.

बन्सी : आला वाटतं. माय, शब्द दिलाय मी. काय सांगू त्याला?

मनकर्णाबाई : सांग, मागावर माणूस बसलंय.

बन्सी : अन् हे घोंगडं झाल्यावर? लोकर कुठून आणशील पुढं?

मनकर्णाबाई : तिकडं पोत्यानं पडलीय. जालन्याकडचे मेंढपाळ म्हणत होते, कुणी घेत नाय म्हणून बांधावर फेकून देतो. दोन पोती मी बोलून ठेवलीत. सकाळीच.

बन्सी : सकाळीच? म्हंजी तू घरून ठरवूनच आली होती!

मनकर्णाबाई : मग काय फोटोला आले होते?

बन्सी : आप्पासाहेब इकडंच यायलेत. विचारतील, इथं विटा होत्या, घरी कसं करणार? विटांवर रोजचा माग टिकत नाय, घरी तर खड्डाच लागणार.

मनकर्णाबाई : लागणारच. मोटरसायकल पत्र्याखाली लाव उद्यापासून.

बन्सी : उद्या सुट्टी हाये मला. सकाळी खणतो. आबाचा होता तेवढाच खणू ना?

मनकर्णाबाई : नको. त्याचे पाय लांब होते. माह्या मापाचा खण.