तोंगदादांचं कुलूप

...आणि कुलूपवालीच घ्या म्हणाले तोंगदादा, तर आम्ही पाचही जणांनी माना डोलावल्या हो, मी धरून! आता मला सांगा, ऑफिसातला सगळ्यात वडील माणूस, ज्याने मला कोड लिहायला शिकवलं, त्याला 'दादा, चुकताय' असं बोलायचं कुणी?

म्हणजे झालं काय, आमचा बसच्या तिकिटांचा प्रोग्रॅम. एकाने केलेला बदल दुसऱ्याने नकळत पुसायचा, रोज! म्हणून व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कुणी काय बदललं ते सांभाळणारी व्यवस्था, आणायचं ठरलं. त्यात दोन तऱ्हा. एक कुलूपवाली: फाईल एकाने घेतली की बाकीच्यांनी नुसती वाट बघायची. दुसरी मोकळी: सगळ्यांनी खुशाल बदल करा, एकाच ओळीवर दोघांचा हात पडला तर ती विचारते, 'कुणाचं ठेवू?' दादा म्हणाले, "शी! असं तोंडावर विचारतात का कुणाला?" आली कुलूपवाली!

आणि तुम्हाला सांगते, आठवड्याच्या आत दादांनी सीटांच्या फाईलला कुलूप घातलं आणि... भिक्षू झाले! अहो खरंच! आईला पुण्य लागावं म्हणून पंधरा दिवस. आमच्या बँकॉकात रीतच आहे, रजा मिळते, मिरवणुकीत आम्हीच नाचलो! नाचून परत येते तर काय, त्या फाईलमध्ये चूक. एकच सीट दोघांना विकली जाणार! सोंगक्रान, आमचा नववर्षाचा सण, तोंडावर, अर्धं बँकॉक गावी निघणार, दादा परतणार पंधराव्या दिवशी आणि विक्री सुरू सोळाव्या! दुरुस्ती माझ्याकडे तयार, पण घालू कुठे?

आमच्या उडोमसाहेबांना एक कळ दाबून कुलूप तोडता येतं. बोट नेलं... मागे घेतलं. मला म्हणाले, "नोक, भन्तेंचं कुलूप तोडायचं? या वयात पाप कुठे फेडू? तू जा, भिक्षेच्या वेळी हळूच विषय काढ."

गेले. पहाटे, चपला काढून, गुडघ्यांवर, हातात भात आणि आंबा. दादा आले, डोक्याचा गोटा, नजर जमिनीवर. आता भिक्षूला अडवून 'भन्ते, सीटांची फाईल' असं बोलायचं कुणी? तरी धीर केला! "भन्ते, ते तेवढं कुलूप..." तर शांतपणे म्हणतात, "उपासिके, मी सगळं सोडलंय." सगळं! कुलूप सोडून! कालपर्यंत गधडे म्हणायचे, आज उपासिके! पाच पहाटा गेले हो, पाच आंबे गेले, कुलूप जिथल्या तिथे.

आज दादा परत आले. हसरे, मवाळ. "अगं, मग तोडायचं नाही का कुलूप? ही व्यवस्थाच वाईट. मोकळी घ्या!" घेतली, तासाभरात घेतली! दादांनी आपली फाईल टाकली, तीच, चुकीची. मी माझी टाकली. आणि पडद्यावर प्रश्न: 'त्यांचं ठेवू की तुमचं?'

अख्खं ऑफिस माझ्या पाठीशी उभं. दादासुद्धा. "ठेव गं, तुझंच ठेव," म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले... किती वेळ पुसावा माणसाने चष्मा! डोक्यावर अजून केस उगवलेले नाहीत त्यांच्या, पुण्य ताजं... "छे छे दादा, असं कसं!" म्हणाले मी, आणि माझ्याच बोटाने, तुम्हाला सांगते, माझ्याच बोटाने... त्यांचं ठेवलं.

उद्या विक्री. तक्रारींच्या फोनवर साहेबांनी मलाच बसवलंय. नको म्हणून बोलायचं कुणी?