जेवणाच्या सुट्टीत पास झालेली टेस्ट

मला सांगा राव, डोकं फिरेल की नाही? आमच्या चाकणच्या कंपनीत बसच्या डॅशबोर्डवरची स्क्रीन तपासायचं काम माझं. सकाळी लावली की संध्याकाळपर्यंत ती काळी ठिक्कर पडायची. स्क्रीन चालवणारा ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, मेमरी घेत राहायचा, परत सोडायचाच नाही. शेवटी शिल्लकच उरली नाही, तर मागून मिळणार कुठून?

तो ड्रायव्हर लिहिणारा मंदार आमच्या साहेबांसमोर म्हणतो, "आमच्या लॅबमध्ये दिवसभर मस्त चालते. तुझं टेस्टिंगच चुकतंय, भावा."

माझं टेस्टिंग! गेलो आणि त्याच्याच लॅबमध्ये ठाण मांडून बसलो. एक वाजता हा गडी डबा घेऊन उठला आणि जाता जाता मेन स्विच बंद केला.

"हे काय?"

"वीज बचत. रोज करतो आम्ही."

"अरे, म्हणूनच तुझी मेमरी रोज दुपारी रिकामी होते! भर डांगे चौकात, आत माणसं बसलेली असताना, बसचा ड्रायव्हर एक वाजला म्हणून बस बंद करणार का?"

तडक साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं आणि हुकूम सोडला, "उद्यापासून तुझ्याही लॅबचा मेन सुट्टीत बंद."

आता माझीही टेस्ट रोज पास होते. वर साहेब म्हणतात, "बघ, मंदारकडून शिकलास की नाही काहीतरी?"