अचानक तपासणी

देवनहळ्ळीहून आलेली बस हेब्बाळच्या पुलापाशी रखडली आणि मुग्धाच्या कानावर पुढच्या सीटवरचं बोलणं पडू लागलं. दोघांच्या गळ्यात एकाच कंपनीची ओळखपत्रं होती. एक पिकल्या केसांचा, एक नवखा.

"काय अवधूत, आपले शर्ट शिवणाऱ्या कारखान्यात वेठबिगार सापडले का रे?"

"छे हो सर! अचानक तपासणी केली. पंधरा दिवस आधी कळवलं होतं."

"बरं केलंस. न कळवता अचानक जाणं शोभत नाही."

"हॉस्टेलला बाहेरून कुलूप होतं, पण ते मुलींच्या सुरक्षेसाठी."

"चोर बाहेर, म्हणून कोंडायच्या मुली. सरी, ठीक आहे. आणि हेल्पलाइन?"

"पाच भाषांत पोस्टर लावलंय. मोबाइल तेवढे गेटवर जमा असतात."

"पोस्टर वाचायला मोबाइल कशाला लागतो! मुली बोलल्या का?"

"घडाघडा! एकीला नाव विचारलं, तर म्हणाली, 'मी माझ्या मर्जीने राहते, दर रविवारी बाहेर जाते.'"

"पाठांतर चांगलंय की!"

"मग तिनेच हळूच मला विचारलं, 'साहेब, आज वार कोणता?'"

"...हे रिपोर्टात घातलंस?"

"घातलं ना सर. 'कामगार मोकळेपणाने प्रश्न विचारतात.'"