वसंतभाईंनी कधीच न दाबलेलं बटण

कुसुमवहिनी, घोलवडहून आलेली मंडळी, आणि सायवनच्या माझ्या माणसांनो,

मी बोलायला लागलो की थांबत नाही, हे डहाणूच्या माझ्या दुकानात येणारा कुणीही सांगेल. आज मात्र सुरुवातच होत नाहीये. ज्यांच्या फोटोला आपण हार घातला, ते या रविवारी याच दारातून आत येणार होते. शनिवारी सकाळी घोलवडच्या त्यांच्या नर्सरीत, रोपांना पाणी देता देता, गेले.

बाहेर कुणीतरी म्हणालं, वसंतभाईंनी सायवनला कॉम्प्युटर दिले. नाही. चुकीचं बोलू नका, आज तर नकोच. हे कॉम्प्युटर एका शाळेने मोडीत काढले होते. ते उघडून, पुसून, त्यांच्यावर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स घातलं मी. मी कुठल्या क्लासला गेलो नाही, स्वतः शिकलो, आणि वसंतभाईंनाही मीच शिकवलं. मग वसंतभाईंनी काय केलं? त्यांनी मुलांसाठीची ही कॉम्प्युटरची खोली चालू ठेवली.

लिनक्सवर प्रोग्राम बसवायचा तर नाव टाइप करायचं. मशीन नेटवरच्या भांडारातून तो आणतं, आणि त्याला आणखी जे जे लागतं तेही आणतं. पण सायवनला नेट कुठे होतं? म्हणून वसंतभाई घोलवडला सगळं उतरवून घ्यायचे, डिस्कवर भरायचे, डिस्क डब्याच्या पिशवीत ठेवायचे, आणि रविवारी स्कूटर काढायचे.

पहिल्या खेपेला एकही प्रोग्राम बसला नाही. त्यांचं घरचं मशीन नवं, चौसष्ट बिटचं. इथली जुनी, बत्तीस बिटची; नव्याचा प्रोग्राम जुन्यावर चालत नाही. मी चिडलो. ते मात्र हसत सुटले. म्हणाले, "महेश, जन्मभर रायणीच्या रोपाच्या खुंटावर चिकूचं कलम बांधलं मी. आणि इथे खुंट न बघताच कलम घेऊन आलो!"

मग त्यांनी काय केलं असेल? इथल्यासारखंच एक जुनं मशीन माझ्याकडून नेलं आणि नर्सरीच्या ऑफिसात मांडलं. इथे जे बसवलं तेच तिथे बसवायचं. म्हणजे इथल्या मशीनला जे कमी पडेल, नेमकं तेच तिथल्याला कमी पडणार, आणि तेवढंच उतरवून आणायचं. वहिनी म्हणायच्या, घरात नवा कॉम्प्युटर आहे आणि हे भंगारापुढे बसतात. ते म्हणायचे, "भंगार नाही गं, सायवन आहे ते."

आणि त्यांची एक सवय. डिस्क लावायची, फायली जागेवर ठेवायच्या, आज्ञा टाइप करायची. मग मशीन विचारतं, एवढं एवढं बसवणार आहे, पुढे जायचं का? तिथे वसंतभाई उठायचे. हात मागे बांधायचे. होकाराचं बटण त्यांनी या खोलीत कधीच दाबलं नाही. मला धीर नसायचा. मी म्हणायचो, भाई, दाबा की, एक बटण तर आहे. ते म्हणायचे, "मी दाबलं तर माझं होईल. सविताला दाबू दे."

सविता म्हणजे आपली सविता. पूर्वी त्यांच्याच वाडीत चिकूच्या पॅकिंगला जायची, आता ही खोली सांभाळते. तिने मागच्या महिन्यात आकाशाचा प्रोग्राम मागितला, पडद्यावर तारे दिसतात तो. वसंतभाई म्हणाले, "अगं, सायवनला दिवे आहेतच किती? बाहेर येऊन वर बघ." ती म्हणाली, "काका, मुलं दिवसा येतात. दिवसा कुठले तारे दाखवू?" यावर त्यांनी खिशातला कागद काढून त्या प्रोग्रामचं नाव लिहून घेतलं.

अंत्यविधीहून परतताना सविता मला म्हणाली, "दादा, आता खोली बंद करूया. काका नाहीत तर मला जमायचं नाही."

आज सकाळी वहिनींनी ही पिशवी माझ्या हातात दिली. ओळखलीत ना? डब्याचीच. डबा नाही, डिस्क आहे. त्यांनी आधीच भरून ठेवली होती. सभा सुरू होण्यापूर्वी मी ती लावली, उघडून तपासली. आकाशाचा प्रोग्राम, त्याला लागणारं सगळं, बत्तीस बिटचं. एकही फाइल कमी नाही. कमी पडलेली एखादी सापडते का, मी शोधलंही. खरं सांगतो, एखादी कमी निघाली असती तर बरं वाटलं असतं. त्यांच्यासाठी काही करायचं उरलं असतं.

फायली जागेवर ठेवल्या आहेत. आज्ञा मी टाइप केली आहे. मशीन विचारून थांबलं आहे.

सविता, ये. नाही, मी दाबणार नाही. माझे हात मागे आहेत, बघ.

मंडळी, उभे राहूया. जुनं मशीन आहे, वेळ घेईल. घेऊ दे. पडद्यावरच्या ओळी थांबेपर्यंत कुणी बोलू नका.

वसंतभाई, सायवनचा नमस्कार घ्या.

दाब, सविता.